बाहुलीघराच्या विटा: टाकाऊतून भिंत बांधणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत पोरांनी किल्ला केला आणि त्याच्या पायथ्याशी मी माझं विटांचं छोटं घर ठेवलं. तेव्हापासून फोनवर प्रश्न यायचे थांबलेले नाहीत. खानापूर, निपाणी, चिकोडी, शेजारच्या चंदगडहूनसुद्धा. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून ठेवते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी १ ते ६ आधी वाचावेत. ज्यांची भिंत आधीच वाकून बसलीय त्यांनी सरळ ९ वर जावं.

१. बाहुलीघराच्या विटेचं माप किती धरायचं?

१:१२ धरा, म्हणजे खऱ्या घराचा एक फूट बाहुलीघरात एक इंच. आपल्याकडे सुतार-गवंडी अजून फुटाइंचातच बोलतात, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. सात फुटांचं दार सात इंच, दहा फुटांची भिंत दहा इंच.

भट्टीची वीट ढोबळमानाने ९ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद आणि ३ इंच जाड असते. बाराने भागलं की १९ मिमी लांब, ९ मिमी रुंद आणि ६ मिमी उंच. मधला सांधा १ मिमी. म्हणजे आखताना आडव्यात दर २० मिमीला आणि उभ्यात दर ७ मिमीला एक वीट. भारतीय मानकात १९० × ९० × ९० मिमीची वीट आहे, पण जुन्या वळणाचं घर करणार असाल तर ती घेऊ नका. तिचा थर उंच पडतो आणि भिंत उपरी दिसते.

१:२४ चं घर असेल तर सगळी मापं निम्मी होतात. तेवढ्या लहान विटा सुट्या चिकटवण्याच्या फंदात पडू नका. पुठ्ठ्यावर रेघा कोरा (प्रश्न २).

२. घरातलं कुठलं टाकाऊ सामान विटेला चालतं?

पहिला मान अंड्याच्या ट्रेला. कागदाच्या लगद्याचा, राखाडी, खरबरीत. भाजलेल्या विटेचा पृष्ठभाग असाच बारीक खड्ड्यांचा असतो, त्यामुळे अर्धं काम ट्रेनेच करून ठेवलेलं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘तत्तीचा ट्रे’ (तत्ती म्हणजे कानडीत अंडं) म्हणून मागितला तर बहुतेक वेळा फुकट मिळतो.

कुंद्याचे आणि करदंटाचे, म्हणजे आमच्याकडच्या मिठायांचे, बॉक्स लोक हौसेने साठवतात आणि त्यांच्याच विटा करायला बसतात. तो पुठ्ठा गुळगुळीत असतो, कितीही रंगवा, पुठ्ठाच दिसतो. भिंतीच्या पाठीला, लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीला) आणि खिडकीच्या चौकटीला मात्र तो उत्तम.

पार्सलच्या नळीदार खोक्यावर रिकाम्या रिफिलच्या टोकाने रेघा दाबून विटा कोरता येतात. लांबून छान दिसतं, हातात घेतलं की फसवणूक कळते. रद्दीचा लगदा प्रश्न १२ मध्ये, थर्माकोल प्रश्न १४ मध्ये.

३. ट्रे घाण असतात. धुवून घ्यायचे का?

धुतले तर लगदाच होईल. अंडं फुटून वाळलेला, डाग पडलेला ट्रे सरळ टाकून द्या, उन्हात ठेवून तो शुद्ध होत नाही. कच्च्या अंड्यातले जंतू पोटाला त्रास देणारे असतात. कोरडे, स्वच्छ तेवढेच घ्या आणि कापून झालं की साबणाने हात धुवा.

४. ट्रे तर सगळा खळग्यांचा. त्यातून सपाट विटा कशा काढायच्या आणि लावायच्या?

उंचवट्यांच्या बाजूच्या भिंती कात्रीने कापून सुट्या करा. त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवा (भिजवू नका), दोन प्लॅस्टिकच्या कागदांत घाला आणि वर पोळपाट, त्यावर चार जाड पुस्तकं. सकाळपर्यंत सपाट होतात. मग ६ मिमीच्या पट्ट्या कापायच्या आणि पट्ट्यांचे १९ मिमीचे तुकडे. प्रत्येक तुकडा मोजत बसू नका. एका फळीवर पट्टी चिकटवून १९ मिमीवर काडीचा अडसर लावा, पट्टी सरकवायची आणि कापायची.

कापलेल्या तुकड्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, आणि खरी वीट तशी नसते. ती साच्यातून निघते, उन्हात पडते, भट्टीत रचतात, ट्रॅक्टरमध्ये आदळते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून नख फिरवा आणि वीसात एखाद्याचा कोपरा उडवा. वरून जांभ्याचा खडा हलका दाबला की झकास पोत उठतो.

लावताना पाठीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दर ७ मिमीला आडव्या रेघा मारा. उभ्या रेघा मारू नका. मारल्या की भिंत गणिताच्या वहीसारखी होते, माझी पहिली भिंत तशीच झाली होती. फेविकॉल एका वेळी दोन थरांपुरताच पसरा आणि खालून वर चढत जा. सांध्याला माप म्हणून मुदत संपलेलं एटीएम कार्ड वापरा. ते पाऊण मिलिमीटर जाड असतं, दोन विटांच्या मध्ये धरायचं आणि काढून घ्यायचं. आगकाडी जाड पडते. दर पाच थरांनी गुण्या लावून बघा, कारण थर एका बाजूला चढायला लागला की तो पुढे सावरत नाही.

५. एका भिंतीला विटा किती लागतील?

सांध्यासकट एक वीट २० × ७ म्हणजे १४० चौरस मिमी जागा घेते. ३० सेमी × २५ सेमीची भिंत ७५,००० चौरस मिमी, म्हणजे साधारण ५३५ विटा. त्यातून दारं-खिडक्या वजा करा आणि तुटक्या-वाकड्यांसाठी दहा टक्के वर धरा. मला एका ट्रेमधून दीडशेच्या आसपास बऱ्या विटा मिळतात. आकडा बघून घाबरू नका, टीव्हीसमोर बसून दोन संध्याकाळी कापून होतात.

६. सगळं नीट केलं तरी भिंत खोटी का दिसते?

दहापैकी आठ जणांच्या फोटोत कारण एकच असतं. सांध्यावर सांधा आलेला असतो.

आमच्या घराशेजारी बांधकाम चालू होतं तेव्हा मी माझी ती पहिली भिंत गवंड्याला दाखवायला नेली. त्याने थापी खाली ठेवली, भिंत हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाला, ‘‘वैनी, सांध मोडलाच नाही की तुम्ही. ही उभारणार कशी?’’ सांधमोड म्हणजे खालच्या थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या विटेने झाकणं. बाहुलीघराची भिंत पडणार नाही, तिच्यामागे पुठ्ठा आहे. पण आपण जन्मभर सांधमोड केलेल्या भिंती बघत आलोय, डोळ्याला चूक लगेच खुपते.

चार इंची भिंत असेल तर सगळ्या विटा लांबीच्या बाजूने, प्रत्येक थर अर्ध्या विटेने सरकवलेला. बस्स. नऊ इंची भिंत दाखवायची असेल तर एक थर विटांच्या लांब बाजूंचा (१९ मिमी) आणि त्यावर एक थर टोकांचा (९ मिमी). याला इंग्लिश बाँड म्हणतात. टोकांच्या थरात कोपऱ्यातल्या पहिल्या विटेनंतर अर्ध्या रुंदीचा, म्हणजे ४ मिमीचा एक तुकडा घालावा लागतो. तो विसरलात तर पुढचे सगळे सांधे एकावर एक येतात.

विटा कापायला घेण्यापूर्वी एखाद्या गिलावा न केलेल्या भिंतीसमोर दहा मिनिटं उभं राहा आणि फोनवर फोटो काढा. नेटवरचे विलायती घरांचे फोटो बघून केलेली भिंत विलायतीच दिसते.

७. विटेचा खरा रंग कसा येतो? बाजारचा लाल रंग प्लॅस्टिकसारखा दिसतो.

गेरू. कुंड्यांना, तुळशी वृंदावनाला लावून उरलेला. दोन चमचे गेरू, एक चमचा फेविकॉल, तीन चमचे पाणी. आधी मात्र सगळ्या भिंतीला पातळ फेविकॉलचा एक हात द्या (एकास तीन पाणी) आणि वाळू द्या. हे का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

गेरूचा सपाट हात वाळला की खरी मजा सुरू होते. कुठल्याही भट्टीच्या सगळ्या विटा एका रंगाच्या नसतात. आचेजवळच्या काळपट, बाहेरच्या फिक्या, जास्त भाजून काचेसारखी झालेली खंगर वीट निळसर काळी. गेरूत कोळशाची पूड मिसळून सहातली एक वीट गडद करा, पिवळी माती मिसळून आठातली एक फिकी. खंगर अख्ख्या भिंतीत तीन-चारच, आणि शेजारी शेजारी नकोत. कुठली वीट गडद करायची ते ठरवून केलं की नक्षी तयार होते. मी डोळे मिटून काडी टेकवते आणि ती जिथे टेकेल ती वीट.

हळद आणि कुंकू वापरू नका. दोन्ही उजेडाने उडतात. शिवाय हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. एका मैत्रिणीने पिवळट विटांसाठी हळद वापरली आणि सांध्यात चुना भरला. सकाळी बघते तर प्रत्येक विटेला लाल कड. गेरूचा रंग लोहाचा असतो, तो उन्हाने जात नाही. ‘वर्षभरात रंग फिका पडला’ म्हणून ज्यांनी विचारलं, त्यांचा गेरू नव्हता, दुसरंच काहीतरी होतं.

८. सांध्यात काय भरायचं? आणि भरल्यावर विटाच पांढऱ्या झाल्या, आता?

दिवाळीनंतर उरलेली पांढरी रांगोळी. दगडाची बारीक पूड असते ती, बाजारात याहून चांगलं काही नाही. तीन चमचे रांगोळी, एक चमचा चाळलेली राख, एक चमचा फेविकॉल आणि श्रीखंडासारखं होईल एवढं पाणी. सिमेंटचा सांधा हवा तर राख वाढवा, चुन्याचा हवा तर राख वगळा आणि चिमूटभर पिवळी माती घाला. उकळून पातळ पापुद्रा काढलेल्या अंड्याच्या टरफलांची पूडही चालते, फक्त वाटायला जीव जातो.

जुन्या मऊ ब्रशने दरजा भरा. पाच मिनिटांनी पिळून घेतलेल्या स्पंजाने तिरका हात फिरवत विटांची तोंडं पुसा. सरळ पुसलं तर सांध्यातला माल निघून येतो.

आता पांढऱ्या झालेल्या विटांचं. गवंडी विटा हौदात बुडवून मगच लावतो, कारण कोरडी वीट मालातलं पाणी पिते. आपला ट्रे तर कागद, तो त्याहून तहानलेला. फेविकॉलचा हात न देता दरजा भरला की माल विटेच्या छिद्रांत शिरतो आणि वर पांढरी झाक राहते. झालंच असेल तर पुसत बसू नका. वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने विटांच्या तोंडावर पुन्हा गेरू फिरवा. थोडी झाक राहिली तर बिघडत नाही, खार फुटलेल्या भिंतीसारखी दिसते.

नदीची वाळू घालू नका. तिचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे आपला अख्खा सांधा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला असलेल्या दोघांनी फौंड्रीची जळकी वाळू वापरू का म्हणून विचारलं. फुकट मिळते हे खरं, पण काळी असते, हाताला आणि विटांना डाग पाडते, आणि तिची बारीक धूळ छातीत जाणं वाईट. घरात आणूच नका.

९. भिंत वाळल्यावर पापडासारखी वाकली. सरळ होईल का?

थोडी वाकली असेल तर होईल. पाठीच्या बाजूला पातळ फेविकॉलचा सढळ हात द्या आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवा. वाळताना तो पाठीकडून ओढतो. दोन फळ्यांत घालून दोन दिवस वजनाखाली ठेवा.

पुढच्या वेळी आधीच काळजी घ्या. पार्सलच्या खोक्याचे दोन थर घ्यायचे, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. आणि पुढे जेवढे ओले हात द्याल तेवढेच पाठीला द्यायचे. सुताराकडे प्लायवूडचे तुकडे पडलेले असतात, ते मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही.

१०. कोपऱ्यावर विटांची कापलेली कड दिसते. ती कशी लपवायची?

लपवायची नाही, वीट वळवायची. २८ मिमीचा तुकडा घ्या, पाठीमागून १९ मिमीवर कटरने अर्धवट चीर द्या आणि काटकोनात दुमडा. एका बाजूला विटेची लांबी, दुसऱ्या बाजूला तिचं टोक. एका थरात लांब बाजू समोर, पुढच्या थरात टोक समोर. सुरुवात नेहमी कोपऱ्यापासून करा आणि तुकडे भिंतीच्या मध्यावर येऊ द्या, गवंडीही तसंच करतो.

११. खिडकीच्या वर विटा कशा लावायच्या?

खिडकीवर नुसत्या आडव्या विटा चालू ठेवल्या तर त्या कशावर टेकल्यात? हा प्रश्न स्वतःला विचारा, उत्तर मिळेल. अलीकडचं घर असेल तर सहा इंची लिंटेल, म्हणजे कुंद्याच्या बॉक्सची साधारण १२ मिमीची पट्टी, राखाडी रंगवून दोन्ही बाजूंना १२ मिमी आत गेलेली. जुनं घर असेल तर आइस्क्रीमच्या काडीचं लाकूड. कमान हवी असेल तर डब्याच्या झाकणाने वक्र रेघ काढा आणि विटा उभ्या करून पंख्यासारख्या लावा. विटा दोन्ही बाजूंनी वर चढवत न्या आणि मधली सगळ्यात शेवटी बसवा. विटांची संख्या विषम ठेवा, नाहीतर मध्यावर सांधा येतो.

१२. आमचं खानापूरकडचं घर विटांचं नाही, चिऱ्यांचं आहे. ते असंच करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते विटांपेक्षा देखणं होईल. इथे सुटे तुकडे नकोत, लगदा हवा. रद्दी आणि ट्रेचे तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, फडक्यात घट्ट पिळा, चार मुठींना एक मूठ फेविकॉल घालून कणकेसारखं मळा. पाठीच्या पुठ्ठ्यावर ४ मिमी जाड थापा. अर्धवट वाळलं की चिरे कोरा. चिरा साधारण सव्वा फूट लांब आणि पाऊण फूट उंच धरला तर आपल्या मापात ३२ × १९ मिमी. मग टूथपिकने खुपसून खुपसून भोकं पाडा, एकसारखी नकोत. जांभ्याची ती जाळी हीच त्याची ओळख. रंग गेरूत पिवळी माती जास्त, भोकांत कोळशाचं पाणी. सांधा जाड, मातकट.

वर मंगळुरी कौलं हवीत तर पार्सलच्या नळीदार खोक्याचा वरचा कागद ओला करून सोला, आतल्या नळ्या उघड्या पडतात. लांबून बऱ्या दिसतात, पण कौलं हा वेगळा विषय आहे.

अथणी-रायबागकडच्या माळवदाच्या घरांसाठी हीच लगद्याची पद्धत, फक्त न कोरता मातीचा लेप.

१३. पावसाळ्यात काम करावं का? माझ्या भिंतीला बुरशी आली.

आपल्याकडचा जुलै म्हणजे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे लगदा काय वाळणार. मी एकदा आषाढात चिऱ्यांची भिंत केली. दोन आठवड्यांनी तिला हिरवी लव आली, आणि पोरं म्हणाली की शेवाळ किती खरं दिसतंय! टाकून द्यावी लागली. आता पावसाळ्यात फक्त विटा कापून डब्यात भरते, ओलं काम दसऱ्यानंतर.

कसर हा दुसरा शत्रू. मैद्याची खळ वापरली की कसर आणि झुरळं दोन्ही येतात, म्हणून खळ नको. काही जण खळीत मोरचूद घालायला सांगतात. ते विष आहे, मुलांच्या खेळण्यात त्याला जागा नाही.

१४. थर्माकोलवर कोरल्या तर काम पटकन होईल ना?

होतं. रिफिलने दाबलं की वीट तयार. तीन अडचणी आहेत. थर्माकोलचे मणी दिसतात, म्हणून वर टिश्यूपेपर चिकटवावा लागतो. स्प्रेचा रंग मारला की थर्माकोल विरघळतो. आणि तापलेल्या सुरीने कापताना निघणारा धूर चांगला नाही. मखरातून उरलेला असेल तर वापरा, नवा आणू नका.

१५. खऱ्या मातीच्या छोट्या विटा पाडल्या तर?

हौस असेल तर जरूर. नुसती काळी माती तडकते. तांबडी घ्या, चाळा आणि थोडी राख किंवा बारीक केलेला भाताचा तूस मिसळा, भट्टीवाले हेच करतात. माती वाळताना आकसते, म्हणून साचा २१ मिमीचा ठेवला की वीट १९ च्या आसपास येते. खानापूरची माती कौलं-मडक्यांसाठी नावाजलेली आहे आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे, तेव्हा त्या बाजूला नातेवाईक असतील तर पिशवीभर माती मागवा.

गॅसवर भाजू नका. ओल राहिलेली वीट फुटून तुकडे उडतात. ओळखीच्या कुंभाराला दिवाळीच्या पणत्यांबरोबर भाजून द्यायला सांगा. माझ्या दोनशे विटा एका मडक्यात घालून भाजून आल्या, आणि त्यात आपोआप तीन खंगर निघाल्या. न भाजता पातळ फेविकॉलचा हात दिला तरी घरात टिकतात.

१६. मुलांना कितव्या वर्षी बसवावं?

रंग आणि दरजा पाच-सहा वर्षांची मुलंही करतात. कटर मोठ्यांच्याच हातात. आणि घर पूर्ण झाल्यावर आत पणती ठेवायचा हट्ट होतो, तो मोडून काढा. कागदाचं घर आहे ते. जुन्या माळेतले एलईडी चालतील.

१७. किल्ल्यावर बाहेर ठेवलं तर टिकेल का?

दव पडतं तेवढ्यानेही ट्रेची वीट फुगते. मी ठेवलं होतं ते रोज रात्री आत आणून. बाहेरच राहणार असेल तर प्रश्न १५ मधल्या भाजलेल्या विटा.

१८. गिलावा उडून आतल्या विटा दिसणारी जुनी भिंत करायचीय. सगळीकडे विटा लावाव्या लागतील का?

नाही, आणि आळशांसाठी यासारखी भिंत नाही. जिथे गिलावा उडालेला दाखवायचा तेवढ्याच जागी विटा लावा, कडेने दोन विटा जास्त. रंग, दरजा सगळं पुरं करा. मग उरलेल्या जागेत रांगोळी-फेविकॉलचा जाडसर माल विटांपेक्षा मिलिमीटरभर वर येईल असा थापा. कड ओली असतानाच नखाने उचकटून वेडीवाकडी करा. कात्रीने कापल्यासारखी कड ठेवली तर ठिगळ दिसेल.

गिलावा कुठे उडतो तेही बघा. जमिनीलगत, जिथे ओल चढते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत. पन्हळीचं पाणी पडतं तिथे. भिंतीच्या बरोबर मधोमध गोल भोक पडल्यासारखा तो उडत नाही, पण निम्म्या लोकांच्या फोटोत तो तिथेच उडालेला असतो. ओल चढलेल्या भागावर चहाच्या चोथ्याचं पाणी दोनदा फिरवा, खालून वर, आणि वरची कड पुसट सोडा.